तंबाखूचं घर

१

एकाच बाईचे दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी-शेजारी पडले होते, आणि त्या दोन रिपोर्टांत दोन वेगवेगळ्या बायका होत्या.

पहिला सात महिन्यांपूर्वीचा. दुसरा आज दुपारी कुरियरने आला होता, भलत्याच कुठल्याशा लॅबमधून. ज्या बाईचं रक्त तपासून तो आला होता, ती जाऊन तेवीस दिवस झाले होते.

लेकीने दोन्ही रिपोर्ट ओळीला ओळ लावून वाचले. तो तिचा पेशाच होता. एका छापखान्यात ती मुद्रितशोधक होती. एकोणीस वर्षं लोकांच्या चुकांना पेन्सिलीने गोल करण्यावर तिचं पोट चाललं होतं. पहिला रिपोर्ट म्हणत होता: जनुकांत कामाचा बदल सापडला नाही, गोळीचा उपयोग होणार नाही, सलाइनमधलं कडक औषध द्यावं. दुसरा म्हणत होता: बदल आहे, गोळी लागू पडेल.

ते कडक औषध आईला सहा वेळा दिलं गेलं. पहिल्या खेपेला केस गेले, दुसऱ्या खेपेला तोंडाची चव, चौथ्या खेपेला पायांतली ताकद. सहाव्या खेपेनंतर हृदयाने हात टेकले. गाठ मात्र होती तिथेच होती, खाऊन-पिऊन सुखी.

आणि आई तर थांबू म्हणत होती. "पंधरा दिवस थांबून बघू गं," असं ती रिपोर्ट आला त्या संध्याकाळी म्हणाली होती. लेक तिच्यावर खेकसली होती. "तीस वर्षं त्या लॅबमध्ये काढलीस, आणि तुझ्याच मशीनवर तुझा विश्वास नाही?" संमतीच्या कागदावर आईने सही केली तेव्हा पेन लेकीनेच तिच्या हातात दिलं होतं.

दुसऱ्या रिपोर्टावर रक्त घेतल्याची तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे आईला तेव्हाच संशय आला होता. नर्सला हाताशी धरून तिने गुपचूप रक्त पाठवलं आणि घरात चकार शब्द काढला नाही. खात्री होईपर्यंत तोंड उघडायचं नाही ही तिची जुनी खोड. या वेळी खात्री तेवीस दिवस उशिरा पोचली.

पण अंथरुणाला खिळलेल्या बाईला, दोन महिन्यांपूर्वी, हे कळलं कसं?

२

"बाईंची लेक आली," कोणीतरी दारातून आत सांगितलं, आणि माणसं उठून उभी राहिली.

आईला इथे, तिच्या जुन्या लॅबमध्ये, सगळे नुसतं बाई म्हणत. इमारतीच्या खालच्या मजल्यावर झाडांच्या विषाणूंची जनुकं वाचली जात, वरच्या मजल्यावर माणसांच्या रोगांची. आई खालून वर गेली होती. आधी तंबाखूच्या झाडाला लागणारे रोग, मग माणसांना लागणारे. रिटायर होईपर्यंत तिने वरच्या मजल्यावरच्या तिघांना हाताला धरून शिकवलं होतं, आणि त्या तिघांच्याच हातून तिचं रक्त गेलं होतं.

पहिले सर, लॅबचे प्रमुख. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं बोलणं.

"दुसरी लॅब चुकली असेल," ते म्हणाले. "तुमचं दुःख मी समजू शकतो, पण आमच्याकडे असं होत नाही. माझ्या स्वतःच्या आईचं रक्त त्याच प्लेटवर होतं. विश्वास नसता तर दिलं असतं का?"

"त्यांचा रिपोर्ट काय आला?"

"गोळीचा. सुरू आहे सात महिने."

"आता कशा आहेत?"

"वय झालंय. जरा खंगल्यात." त्यांनी विषय बदलला. "बाकी काही मदत लागली तर सांगा."

"त्या प्लेटवरच्या बायकांची यादी बघायची होती."

"ते नियमात बसत नाही." बोलता-बोलता त्यांनी ड्रॉवरला किल्ली लावली आणि ती खिशात टाकली.

दुसरी डेटावाली. मशीनमधून निघालेली अक्षरांची भेंडोळी संगणकावर लावून रिपोर्ट बनवणारी, पन्नाशीची, जिभेला धार असलेली बाई. आईच्या आजारपणात दर गुरुवारी न चुकता घरी यायची. लेक तिला मावशी म्हणे.

"ये गं. अर्धी झालीस! जेवतेस की नुसत्या चुकाच खातेस?" तिने खुर्ची ओढून दिली. "विचार, काय विचारायचंय."

"मला अगदी पहिल्यापासून सांगा. मी अडाणी आहे असं समजा."

"समजायचं काय त्यात?" डेटावालीने कपाटातून एक रिकामी प्लॅस्टिकची प्लेट काढली, पोस्टकार्डाएवढी, खळगेच खळगे असलेली. "ही प्लेट. आठ आडव्या रांगा, ए ते एच. बारा उभ्या, एक ते बारा. शहाण्णव घरं. एका घरात एक बाई. आणि पहिल्या घरात, ए-एकमध्ये, तुझ्या आईची तंबाखू."

"तंबाखू?"

"तंबाखूच्या रोपाचा अर्क. तिनेच पाडलेली पद्धत. इथे तंबाखू खायला बंदी आहे, वाचायला नाही, असं म्हणायची." ती हसली. "पहिल्या घरातून तंबाखू वाचून निघाली की समजायचं, सगळ्या जणी आपापल्या घरी सुखरूप."

"आईच्या प्लेटवर निघाली होती?"

"म्हणजे काय!" तिने फाइल उघडून दाखवली. *ए-१: तंबाखू, बरोबर.* खाली तिची सही.

"आणि समजा, एकीचं रक्त दुसरीच्या नावावर गेलं तर?"

"बाईचं पुरुषाच्या नावावर गेलं तर संगणकच बोंब मारतो."

"त्या प्लेटवर पुरुष किती होते?"

डेटावालीचा हात फाइलवर थबकला. "नव्हते. बायकांच्या हॉस्पिटलची खेप ती. पंचाण्णव बायका आणि एक तंबाखू." मग लेकीचा हात दाबून म्हणाली, "अगं, माझी थोरली बहीणही त्याच खेपेतली. सुई दिसली की थरथर कापते, आणि तिलाच मेलं दोन-दोनदा रक्त द्यावं लागलं. कोणाच्या नशिबी काय असतं! आता बरी आहे. केसही परत आलेत. तूही स्वतःला सावर. चुका शोधून आई परत येणार आहे का?"

लेक जिन्याकडे निघाली. कोपऱ्यावर एक शिडशिडीत माणूस भिंतीला टेकून उभा होता. डोळे लाल.

"ताई," तो म्हणाला, "बाईंना मीच मारलं."

३

त्याला चिमटा हे नाव आईनेच ठेवलेलं. नवीन होता तेव्हा जेवणाचा डबाही चिमट्याने उघडेल असा जपून वागायचा, म्हणून. आता चाळिशी उलटली होती, तरी नाव चिकटलेलंच. प्लेटची घरं भरणं आणि मशीन चालवणं हे त्याचं काम.

"मारलं म्हणजे?"

"दोन महिन्यांपूर्वी भेटायला आलो होतो. बाई नुसत्या पडून. काहीतरी हसवावं म्हणून एक किस्सा सांगितला. एक रिटायर शाळामास्तरीण लॅबमध्ये येऊन आमची हजेरी घेऊन गेली होती. तिचं सॅम्पल वाया गेलं म्हणून आपण परत रक्त मागितलं, तर म्हणे, 'तुमचे कान धरून बाकावर उभं करीन!' बाई हसल्या. मग विचारलं, 'कुठल्या घरातली रे?' मी म्हटलं, शेवटच्या. एच-बारा. तसं हसू गेलं. ताट बाजूला सारलं. माझ्याच बोलण्याने हाय खाल्ली त्यांनी."

"एच-बारा ऐकून हाय का खावी?"

"काय की. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: शेवटचं घर बिघडलं, तर आधी पहिलं घर बघ. पण पहिलं घर बघणं हे डेटाचं काम. आपण हातवाले."

"ती प्लेट तूच भरलीस?"

"मीच. पण त्या दिवशी उजवा हात भाजला होता. कशीबशी भरली, झाकण चिकटवलं. मशीन टेबलाच्या पलीकडे. मी प्लेट टेबलावरून सरकवली, समोरून कोणीतरी उचलली आणि मशीनमध्ये ठेवली."

"कोणी?"

"सर होते. डेटाबाई होत्या. दोघं पलीकडे उभे. मी आपला हातावर फुंकर मारत होतो. शपथेवर सांगतो, बघितलं नाही."

"त्या प्लेटवरून परत रक्त कितीजणींचं मागवलं?"

त्याने फ्रीजवरची वही उघडली. दोघींचं. एच-बारा, आणि त्यानंतर महिन्याभराने डी-सात.

"डी-सातचं काय बिघडलं होतं?"

"इथे लिहिलंय, 'अपुरं'." त्याने डोकं खाजवलं. "पण नळी तर गळ्यापर्यंत भरलेली होती. मला आठवतंय. आणि दुसरी नळी हॉस्पिटलच्या पेटीतून आलीच नाही. सकाळी येऊन बघतो तर फ्रीजमध्ये आयती ठेवलेली."

"एच-बाराचं पहिलं वाचन आहे अजून?"

"आहे, पण त्यात काही नाही. माणसाच्या जनुकांशी जुळणारं एक अक्षर सापडलं नाही, म्हणून तर वाया गेलं म्हटलं."

"माणसाचं नाही ना? मग कशाचं आहे, ते विचार मशीनला."

चिमट्याने तिच्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढली. मशीनने वीस मिनिटं घेतली. पडद्यावर उत्तर उमटलं तसा तो मागे टेकला आणि त्याने बोटाने दाखवलं.

शेवटच्या घरात, शाळामास्तरणीच्या जागी, तंबाखू होती.

४

छापखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच आरडाओरडा चालला होता. "उलटा गेला ताव! कोणी घातला रे?" कागदाचा एक मोठा ताव, त्यावर सोळा पानं छापायची, पायाकडची बाजू डोक्याकडे गेली की पहिल्या पानाच्या जागी भलतंच पान येतं. आणि शाई मात्र सुरेख बसते. एकेक पान वाचणाऱ्याला चूक दिसतच नाही.

लेकीने एक चौकटींचा कागद घेतला. आठ रांगा, बारा रांगा. पहिल्या घरात तंबाखू लिहिली आणि कागद टेबलावर अर्धा फिरवला. तंबाखू शेवटच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

टेबलाच्या अलीकडून सरकवलेली प्लेट पलीकडच्या माणसाने जशीच्या तशी उचलली, की याची खालची कड त्याची वरची होते. हातवाला माणूस नकळत फिरवून घेतो. ज्याचा हात त्या कामाला सरावलेला नाही, तो नाही फिरवत. एवढंच. एवढ्याने, शाळामास्तरीण सोडून, चौऱ्याण्णव बायका एकमेकींचं मरण घेऊन घरी गेल्या होत्या.

तिने पाकिटातून आईची पावती काढली. ई-सहा. कागद फिरवल्यावर ई-सहाच्या जागी कोण येतं, ते पेन्सिलीने मोजलं. एकदा. मग पुन्हा एकदा, कारण तिच्या धंद्यात दोनदा मोजतात.

डी-सात.

प्लेटच्या मधोमध, कोपऱ्याला कोपरा लागलेली दोन घरं. आईला मिळाला तो रिपोर्ट डी-सातचा होता. आणि सबंध तावातली एकच ओळ कोणीतरी गुपचूप दुरुस्त करून घेतली होती, ती डी-सातचीच. दुरुस्त केल्यावर त्या माणसाच्या हातात डी-सातचा खरा रिपोर्ट आला असणार. तो त्याने आधी कुठे बघितला होता?

पेन्सिलीचं टोक मोडलं. तिने ते पुन्हा केलं, सावकाश, आणि लॅबला फोन लावला.

५

सकाळी अकराला चौघं सरांच्या खोलीत बसली. लेकीने चौकटींचा कागद टेबलावर ठेवला, सगळ्यांसमोर अर्धा फिरवला आणि एच-बाराचं वाचन त्याच्या शेजारी ठेवलं. सरांनी ते दोनदा वाचलं.

"प्लेट फिरली ही चूक आहे," ती म्हणाली. "चुकीला मी काही म्हणत नाही, चुकांवरच जगते मी. पण रिपोर्ट गेल्यानंतर महिन्याभरात ती चूक कोणाला तरी कळली. त्या माणसाने पंचाण्णवांतली एक बाई वाचवली आणि बाकीच्या तशाच जाऊ दिल्या."

"कोणी?" चिमटा म्हणाला.

"तू नाहीस. तुला माहीत असतं तर एच-बाराचा किस्सा तू आईला हसवायला सांगितला नसतास. चोर स्वतःच्या पायाने वाट दाखवत नाही. सर, तुमच्या आई कुठल्या घरात होत्या?"

"बी-तीन."

तिने कागदावर बोट ठेवलं. "म्हणजे जी-दहाच्या बाईची गोळी त्या सात महिने खातायत. तुम्हाला माहीत असतं तर पहिलं रक्त त्यांचं बदललं असतं. तुम्हीही सुटलात."

सर सुटले, पण सुटलेल्या माणसासारखे दिसले नाहीत. "तरीच," ते स्वतःशीच म्हणाले. "तरीच गुण येत नाही."

लेक उरलेल्या खुर्चीकडे वळली.

"मावशी, तुमच्या बहिणीला रक्त दोनदा द्यावं लागलं."

"कितीतरी जणींना लागतं."

"त्या प्लेटवर दोघींनाच लागलं. एक रिटायर शाळामास्तरीण. तुमची बहीण शाळेत शिकवायची?"

"कपड्यांचं दुकान आहे तिचं," चिमटा हळूच म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मान खाली घातली.

डेटावालीने चौकटींचा कागद आपल्याकडे ओढला. बोलली तेव्हा जिभेची धार गेली होती.

"'तंबाखू, बरोबर' ही ओळ मी लिहीतच नव्हते गं. सहा वर्षांपूर्वी एकदा लिहिली. तेव्हापासून जुन्या प्लेटचा कागद उचलायचा, आकडे बदलायचे. ती ओळ आयतीच यायची. सहा वर्षं बरोबरच तर होती. एच-बारा कोरं आलं, तेही वाया गेलं म्हणून सोडून दिलं. ती शाळामास्तरीण भांडून गेली, तेव्हा कुठे पहिलं घर बघितलं. तिथे माणूस होता. रिपोर्ट जाऊन महिना झाला होता. आणि प्लेट... प्लेट मीच ठेवली होती."

"मग?"

"मग काय! ती माझी सख्खी बहीण आहे."

"तिचा खरा रिपोर्ट हातात आला तेव्हा तुम्हाला दिसलं, हा शब्दन् शब्द बाईंना गेलेल्या रिपोर्टातला आहे."

"हो."

"त्यानंतर किती गुरुवार आलात आमच्याकडे?"

"मोजले नाहीत."

"मी मोजलेत. बावीस."

"दर गुरुवारी सांगणार होते. तुझी शप्पथ. जिना चढेपर्यंत ओठावर असायचं."

"आणि वर आल्यावर काय करायचात?"

डेटावालीचे ओठ हलले. "सफरचंद कापून द्यायचे."

"शेवटचे चार-पाच गुरुवार आईला संशय होता. पहिलं घर बघणं कोणाचं काम, हे तिनेच तुम्हाला शिकवलं होतं. तेव्हा खाल्लं तिने तुमच्या हातचं?"

"नाही," डेटावाली म्हणाली. "भूक नाही म्हणायची. बशी माझ्याकडे सरकवायची. 'तूच खा' म्हणायची."

"खाल्लंत?"

लेकीने टेबलावरचा फोन उचलून तिच्यासमोर ठेवला.

"सर, यादी."

"मी आधी वरती कळवतो," सर म्हणाले. "वकिलांशी बोलून, रीतसर..."

"तुमच्या आईंनाही वकिलांशी बोलून सांगणार?"

खिशातून किल्ली निघाली. ड्रॉवर उघडला.

"ए-दोनपासून," लेक म्हणाली. "मावशी, तुम्ही बोलायचं. कोण बोलतंय, काय झालं आणि आता कुठे जायचं, एवढंच. रडायचं नाही. रडणं त्यांचं आहे."

फोन सुरू झाले. ए-दोनची बाई घरीच होती; तिने तीनदा विचारलं, म्हणजे ही औषधं बंद करू का? ए-पाचच्या नवऱ्याने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. ए-नऊची सून म्हणाली, "त्या गेल्या महिन्यात गेल्या," आणि डेटावालीला ते वाक्य तरीही पूर्ण करावं लागलं. बी-तीनला सरांनी फोन आपल्या हातात घेतला आणि पॅसेजमध्ये गेले. परत आले तेव्हा कॉलरचं बटण तुटलेलं होतं. सी-अकराची बाई हसली. आपल्याला कोणीतरी बरं होण्याची बातमी देतंय असं तिला वाटलं.

दुपार कलली. चिमटा पाण्याचा ग्लास भरत होता, डेटावाली तो रिकामा करत होती, आवाज चरबरीत झाला होता. डी-सहा झालं. तिने पुढचा कागद उलटला.

"डी-सात राहिलं," लेक म्हणाली.

"तिला काय सांगू? तिचा रिपोर्ट आता बरोबर आहे."

"बरोबर कसा झाला, ते सांगा."

डेटावालीने हात जोडले. लेकीने त्या हातांकडे बघितलं नाही. शेवटी पलीकडून एक प्रसन्न आवाज आला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा: "अगं, तू? आज कामावर नाहीस?" आणि धाकट्या बहिणीने थोरलीला सांगितलं. थोरली एवढंच म्हणाली, "बाईंना कळलं होतं का?" आणि उत्तराची वाट न बघता तिने फोन ठेवला.

उरलेल्या रांगेत डेटावाली एखाद्या मशीनसारखी बोलत होती. ई-पाच संपलं. तिने पुढचा नंबर न बघताच दाबला, आणि लेकीच्या पिशवीत फोन वाजला.

पावतीवर आईने लेकीचाच नंबर दिला होता.

"ताई, पुरे," चिमटा उठून म्हणाला. "हा राहू द्या."

लेकीने फोन तीनदा वाजू दिला. मग कानाला लावला. दोघींमध्ये एक टेबल होतं.

"हॅलो."

"मी... लॅबमधून बोलतेय." डेटावालीची नजर कागदावरून हलत नव्हती. "आमच्याकडे तुमच्या... एका बाईंचं रक्त तपासलं होतं."

"माझी आई."

"त्यांचा रिपोर्ट चुकीचा दिला गेला. तो दुसरीचा होता. त्यांना गोळी लागू पडणार होती."

तेवीस दिवसांत जे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं, ते लेक फोनमध्ये म्हणाली. "ती थांबू म्हणत होती. सहीसाठी पेन मी हातात दिलं."

डेटावालीने मान वर केली. डोळे भरून आले होते. "त्यात तुझी काय चूक गं, तुला कुठे..."

"फोन ठेवा, मावशी," लेक म्हणाली. "ई-सात."